वावर माझं, डोंगर कोणाचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य शाळेत भूगोल शिकवला. तेव्हा भाषणाची सुरुवात नकाशानं केली तर तुम्ही चालवून घ्याल. खान्देशचा नकाशा काढायला सोपा. वर सातपुडा, खाली सातमाळा आणि अजिंठ्याची रांग, डाव्या हाताला साक्री-पिंपळनेरकडे उतरलेले सह्याद्रीचे फाटे, आणि मधून मावळतीकडे निघालेली तापी. एक बाजू उघडी असलेली परातच म्हणा. यावल-रावेरच्या माणसाला उत्तर दिशा विचारली तर तो सूर्य शोधत नाही, सातपुड्याकडे हात करतो.

या परातीचा एक परिणाम आपण फारसा लक्षात घेत नाही. कोकणात किंवा मावळात एखादा मनोरा उभा राहिला, तर पुढच्या वळणाला तो डोंगराआड जातो. आपल्याकडे काठावर काही उभं राहिलं की ते पन्नास गावांना दिसतं, आणि सपाटीवर काही आडवं आलं की रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाचा डोंगर झाकला जातो. खान्देशात लपायला जागा नाही. म्हणून मोठा फलक, पवनचक्की, उच्चदाबाचा मनोरा कुठं उभा करायचा हा प्रश्न आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त टोकदार आहे, आणि आपण तो इतरांपेक्षा कमी विचारला आहे.

झाकलं जातं म्हणजे काय झाकलं जातं? धुळे-नंदुरबारच्या माळावरून जाताना काळ्या दगडाच्या सरळसोट भिंती दिसतात. कोणी राजानं बांधल्यासारख्या, पण कोणी बांधलेल्या नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरत होता, तेव्हा जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेला हा खडक. भूशास्त्रज्ञ त्याला डाइक म्हणतात. भोवतालचा मऊ थर झिजला आणि हा उभा राहिला. या पट्ट्यातल्या डाइकांचा सविस्तर अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक किलोमीटरहून लांब असे 210 डाइक मोजले आहेत आणि त्यातला सर्वांत लांब 79 किलोमीटरचा आहे. बहुतेक सगळे पूर्व-पश्चिम, तापीला समांतर. जगभरचे भूशास्त्रज्ञ ज्या गोष्टी पाहायला येतात त्या आपल्याकडे खडी फोडायला उपयोगी पडतात, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

मग लळिंग. मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळ्याकडे येताना किल्ला अंगावर येतो. फारुकी सुलतानांच्या काळातला हा गड, पायथ्याशी वनखात्याचं कुरण आणि जवळच लांडोर बंगला. धुळ्याच्या न्यायालयातल्या एका दाव्यासाठी आलेले डॉ. आंबेडकर 1937 मध्ये या बंगल्यात उतरले होते. दरवर्षी 31 जुलैला तिथं लोक जमतात, ते काही कुरणातलं गवत बघायला येत नाहीत. पण त्या गवतावाचून, त्या चढावाचून आणि मागच्या गडावाचून ती जागा तीच राहील का, याचा विचार करून पाहा.

आता फलकांकडे येतो. फलकांचे आपल्याकडे दोन वंश. एक फ्लेक्सचा: वाढदिवस, निवड, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली. हा वंश अल्पायुषी. एका पावसाळ्यात फाटतो आणि मग गोठ्याच्या छपरावर किंवा कांद्याच्या चाळीवर पुनर्जन्म घेतो. गावाच्या नाक्यावर तो कितीही डोळ्यांत खुपला तरी डोंगर झाकण्याइतकी त्याची ऐपत नसते. दुसरा वंश लोखंडाच्या सांगाड्याचा. हमरस्त्याला लागून, शेताच्या बांधावर, काँक्रीटचा पाया घालून उभा राहिलेला. कोचिंग क्लास, सोन्याचं दुकान, बियाणं, प्लॉट. रस्त्याच्या हद्दीत जाहिरात लावायला महामार्गाचे नियम आडवे येतात. भारतीय रस्ते काँग्रेसचं रस्त्याकाठच्या जाहिरातींविषयीचं धोरण 1972 चं आहे. म्हणून सांगाडा हद्दीच्या एक पाऊल पलीकडे, खासगी वावरात जातो. शेतकऱ्याला भाडं मिळतं. कापसाला भाव मिळेल की नाही, केळी वैशाखाच्या वादळात आडवी होईल की नाही, काही सांगता येत नाही. फलकाचं भाडं मात्र ठरलेलं. त्या शेतकऱ्याला इथं उभं राहून दोष देणं मला जमणार नाही. बांधावर दोन खांब रोवू देऊन मुलीची फी भरली जात असेल, तर मीही कदाचित रोवू दिले असते.

तरीही हिशेब नीट मांडू. त्या फलकाला किंमत कशामुळे आहे? त्या वावरातल्या मातीमुळे नाही. समोरून जाणाऱ्या हजारो माणसांची नजर तिकडे वळते म्हणून आहे, आणि नजर तिकडे वळते कारण तिथं डोंगर आहे, मोकळं आकाश आहे. विकली जाते ती सगळ्यांची नजर. भाडं जातं एकाकडे आणि नफा जातो दुसऱ्याकडे.  फलक आयता डोंगर वापरतो आणि त्याच डोंगराला झाकतो.

आणि सुरक्षेचं म्हणाल तर 13 मे 2024 आपण पाहिला आहे. घाटकोपरला वादळात कोसळलेला फलक 120 फूट रुंद आणि तेवढाच उंच होता. परवानगीची मर्यादा 40 बाय 40 ची. त्याखाली 17 माणसं गेली. त्याआधी वर्षभर, एप्रिल 2023 मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात पाच. घाटकोपरनंतर शहरांमध्ये मोजपट्ट्या निघाल्या. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयानं 2017 मध्ये दिलेला निकालही मुख्यतः महापालिका आणि नगरपालिकांच्या मागे लागतो. गावाबाहेरचा रस्ता कोणाच्या वाट्याला येत नाही. वैशाखातली वावटळ मात्र शहराची हद्द विचारून येत नाही.

इथं थोडा इतिहास. 1907 साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोमरे तिथं उभा राहिला आणि कर्नल कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली, ही गोष्ट इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच 1907 साली इंग्लंडमध्ये जाहिरात नियमन कायदा झाला. निसर्गसौंदर्य बिघडवणाऱ्या जाहिराती रोखायचा अधिकार त्यानं तिथल्या स्थानिक संस्थांना दिला. जाहिरातींच्या अतिरेकाविरुद्ध तिथं 1893 पासून एक संस्थाच काम करत होती. म्हणजे राज्यकर्त्यांनी स्वतःच्या देखाव्याला कायद्याचं कुंपण घातलं, त्याच वर्षी आपल्या देखाव्याला आपण कवी दिला. कवी 1918 मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेला. कुंपण अजून घालायचं आहे.

अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्याचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण ते दुधाचं, गुराढोरांचं, छोट्या गावांचं राज्य आहे. त्यांनी 1968 मध्ये रस्त्याकाठचे जाहिरातफलक बंद केले. दुकानदार ओरडले, गिऱ्हाइकाला आम्ही सापडणार कसे? मग राज्यानं चौफुलीवर लहान, एका मापाच्या, एका रंगाच्या दिशादर्शक पाट्या दिल्या. ढाबा डावीकडे दोन किलोमीटर, एवढंच. आपल्या महामार्गांवर असं करायला काय अवघड आहे? त्याच देशात तीन वर्षं आधी, 1965 मध्ये, देशभरच्या मुख्य महामार्गांसाठी एक कायदा झाला होता. त्यात औद्योगिक आणि व्यापारी पट्ट्यांना सूट आणि फलक काढायचा तर भरपाई. आज त्या देशातून फिरून आलेल्या आपल्या मुलांना विचारा, फलक कमी दिसले का. पळवाट ठेवून केलेला कायदा कसा असतो ते समजेल.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आपलं वावर, आपल्या मर्जीचं. तिथं काय उभं करायचं ते शेजारी कोण सांगणार? मला याचं उत्तर अमेरिकेतून आणायची गरज वाटत नाही. ते पांझरेच्या काठी आहे.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालली आणि काही ठिकाणी अजून धुगधुगी धरून आहे. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात कुणाकुणाच्या वावराचे तुकडे असतात. पण त्या फडात यंदा ऊस की गहू की ज्वारी हे ज्याचं त्यानं ठरवायचं नाही. पूर्ण फडाला एकच पीक, आणि ते गावानं मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला पिकातून. पाऊस कमी झाला तर कोणता फड यंदा कोरडा ठेवायचा तेही मिळून. जमीन माझी, मालकी माझी, पण तिच्यावर काय उभं राहील हा निर्णय एकट्याचा नाही, कारण पाणी सगळ्यांचं. हे कोणा साम्यवादी पुस्तकातलं नाही, आपल्या पणजोबांचं आहे. खान्देशच्या शेतकऱ्याला सामायिक गोष्टीसाठी स्वतःच्या वावरावर बंधन घालून घेणं परकं नाही. आपल्याला एवढंच म्हणायचं आहे की पाण्यासारखाच डोंगराचा देखावाही सामायिक आहे.

सरकारला हे तत्त्व हवं तेव्हा चांगलं आठवतं. धुळ्याजवळ 765 किलोव्होल्टचं उपकेंद्र आहे. तिथून निघालेल्या तारांचे मनोरे वावरावावरांतून गेले. मनोऱ्यासाठी जमीन संपादित होत नाही. 1885 च्या तार कायद्यातले अधिकार वीज कायद्यामार्फत वापरले जातात. सातबारा तुमच्याच नावावर राहतो आणि मनोरा तुमच्या डोक्यावर. म्हणजे सार्वजनिक गरजेपुढे खासगी वावर वाकतं, हे आपण एकशेचाळीस वर्षं मान्य केलेलं आहे. मग सार्वजनिक डोंगरासाठी दोन खांबांचा फलक मागे सरकवता येत नाही, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आता अवघड भाग. फलकांवर बोललं की टाळ्या पडतात. पवनचक्क्यांवर बोललं की सभागृह दुभंगतं, आणि दुभंगायलाच हवं.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेल, निजामपूरचा पट्टा 2000 नंतरच्या दशकात पवनचक्क्यांनी भरला. देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत आज त्याची गणना होते. भामेरच्या किल्ल्यावर चढलात तर चहूकडे पंखेच दिसतात. त्या खांबांची उंची साधारण ऐंशी मीटर, वर पात्याची लांबी वेगळी. मला ते कुरूप वाटत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. श्रावणात हिरव्या पठारावर पांढरी पाती संथ फिरताना पाहणं मला आवडतं. दीपनगरच्या चिमण्यांखाली, राखेच्या शेजारी राहणाऱ्या भुसावळकराला विचारलं तर तोही पंख्यांच्याच बाजूनं मत देईल. कोळसा नको, पंखा नको, आणि घरात एसी मात्र हवा, असं सौंदर्यप्रेम मला मान्य नाही.

माझं भांडण जागेशी आणि ती ठरवण्याच्या रीतीशी आहे. हे पंखे तिथं का आले? वारा होता हे खरं. पण त्या काळात पवनचक्की घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी किमतीच्या 80 टक्के घसारा दाखवून प्राप्तिकर वाचवता येत असे. त्यामुळे विजेशी काही देणंघेणं नसलेल्या व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी पंखे विकत घेतले. एप्रिल 2012 मध्ये ही सवलत काढली, 2014 मध्ये परत आणली, 2017 मध्ये निम्मी केली. आपल्या डोंगराची धार कुठं मोडायची हे अशा रीतीनं दिल्लीतल्या टक्केवारीच्या एका आकड्यानं ठरलं. वनजमीन वळती झाली तेव्हा ती कसत असलेल्या आदिवासींचे दावे होते. पुढे वनहक्क कायदा आला, आंदोलनं झाली. आपल्या अहिराणीत सांगायचं तर पंखा आमना डोंगरवर फिरस नि लाईट दुसरासना घर जास.

आणि डोंगरावर फक्त माणसं राहत नाहीत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर संशोधकांनी पंखे असलेला आणि नसलेला असे दोन भाग ताडून पाहिले. 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पंखे असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी. त्यामुळे गळ्याशी रंगीत पंखा फुलवणारे सरडे वाढलेले आणि निर्धास्त झालेले, जवळ गेलं तरी लवकर न पळणारे. म्हणजे वरची घार गेली की खालच्या सरड्याचा स्वभाव बदलतो. साक्रीच्या पठारावर असा अभ्यास व्हायला हवा, आणि आपल्या विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या मुलांना याहून चांगला विषय मिळणार नाही.

विखरणबद्दल बोलल्याशिवाय धुळे जिल्ह्यात कोणालाही विजेवर बोलता येणार नाही. दोंडाईचाजवळच्या वीजप्रकल्पासाठी विखरणच्या धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन गेली. मोबदला मिळाला सुमारे चार लाख. शेजाऱ्यांना किती मिळाले ते त्यांना दिसत होतं. 22 जानेवारी 2018 रोजी त्या वृद्ध शेतकऱ्यानं मंत्रालयात विष घेतलं आणि सहा दिवसांनी ते गेले. प्रकल्प आधी औष्णिक होता, नंतर सौर झाला. विजेचा रंग काळ्याचा हिरवा झाला. जमिनीची किंमत ठरवण्याची पद्धत तीच राहिली. प्रदूषण नाही म्हणून अन्यायही नाही, असं कोणी म्हणायला लागलं की मला विखरण आठवतं.

सौरचं पुढचं प्रकरण गायरानांवर लिहिलं जात आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनी लागतात. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. हेतू चांगला आहे, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. पण सरकारी जमीन म्हणून पहिला डोळा जातो गायरानावर. कागदावर ती पडीक. प्रत्यक्षात तिथं ठेलारी मेंढपाळांची मेंढरं चरतात, गावची गुरं बसतात. मला विचाराल तर आधी गोदामांची छपरं, बाजार समित्यांचे शेड, कालव्यांचे काठ, शाळा-कॉलेजांच्या गच्च्या, आणि मग गायरान. हा क्रम जिल्हाधिकारी कार्यालयात बसून ठरवता येतो.

पंख्यांनी भरलेल्या याच साक्री तालुक्यात बारीपाडाही आहे. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी तीन दशकांत चारशेच्या आसपास हेक्टर जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, चराईचे नियम, दंड, सगळं गावानं ठरवलेलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच तालुक्यात एका डोंगराचं भवितव्य गावानं ठरवलं आणि दुसऱ्याचं घसाऱ्याच्या टक्क्यानं. दोन्ही डोंगरांवर एकाच दिवसात जाऊन येता येतं. जाऊन या.

देखावा राखायला कायदा नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. त्याच्या कलम 14 मध्ये प्रादेशिक योजनेत काय काय असावं ते सांगितलंय, आणि त्यात नैसर्गिक देखावे, वनं आणि वन्यजीव यांचं जतन आहे. जैवविविधता कायद्याखाली जळगावचं लांडोरखोरी हे वारसास्थळ म्हणून जाहीर झालेलं आहे, शहराला खेटून. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना ग्रामसभेचे जादा अधिकार आहेत, आणि साक्री-शिरपूरची कितीतरी गावं त्यात येतात. शिवाय आपल्या शेजारी अजिंठा आहे. फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या थांबतात, दुकानं तिथंच, आणि पुढचे चार किलोमीटर बसनं जायचं. वाघूरच्या वळणावर पहिल्यांदा लेणी दिसतात तेव्हा मध्ये कुठलाही फलक येत नाही, हा काही योगायोग नव्हे. कोणीतरी तसं ठरवलं, पैसा घातला आणि विरोध पचवला. जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावर जे जमतं ते चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रस्त्यावर का जमू नये?

हे सगळं आजच का बोलतोय, तेही सांगतो. पवनचक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं. साक्रीतल्या जुन्या पंख्यांची मुदत आता भरत आली आहे. केंद्रानं 2023 मध्ये जुन्या पवनचक्क्या बदलण्याचं धोरण जाहीर केलं. जुने लहान पंखे उतरवायचे आणि त्यांच्या जागी थोडे, पण बरेच उंच आणि ताकदवान उभे करायचे. त्यातले काही 140 मीटर खांबाचे असतील. म्हणजे वीस वर्षांपूर्वी न विचारता घेतलेला निर्णय पुन्हा टेबलावर येतो आहे. पंखे कमी होणार असतील तर कोणते जावेत? भामेरच्या आसपासचे आधी जावेत, असं मी म्हणेन. ज्या कड्यांवर शिकारी पक्षी घरटी करतात तिथले जावेत. नवे कुठं यावेत हे ग्रामसभेनं नकाशा पुढं ठेवून सांगावं, आणि भाड्याचा काही हिस्सा गावाच्या नावे ठरावात लिहून घ्यावा. नव्या पंख्यांचे अर्ज मंजूर झाल्यावर आंदोलन करण्यात अर्थ नाही. करायचं ते आता, आधीच.

त्यासाठी एक यादी लागेल, आणि ती सरकार करणार नाही, आपल्यालाच करावी लागेल. कुठं उभं राहिलं की काय दिसतं, आणि मध्ये काय येता कामा नये. माझ्याकडून सुरुवात: महामार्गावरून लळिंग. निजामपूरकडून भामेर. तापीच्या पुलावरून सातपुडा. चाळीसगाव सोडल्यावर पाटणादेवीची डोंगररांग. साक्रीच्या माळावरचे एक-दोन डाइक. प्रत्येक ठिकाणाचा फोटो, तारीख, नकाशावर खूण. गावाचा ठराव सोबत जोडायचा आणि धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना एकाच दिवशी द्यायचा.

यादीवरून भांडण होणार हे मी धरूनच चाललो आहे. मनुदेवी कशी राहिली म्हणून यावलकर उठतील, पद्मालय का नाही म्हणून एरंडोलकर, आणि सोनगीरवाले तर सभागृहात आताच चुळबुळ करताहेत. सोनगीरचा गड मी मुद्दाम वगळला. त्याच्याबद्दल काय म्हणायचं ते त्यांनीच लिहून द्यावं. कागद दाराशी ठेवले आहेत.